सासऱ्यांच्या खिशातला चाकू

अपघात विम्याच्या कचेरीत काम करणाऱ्या बाईने आई होऊ नये, असं भिंगरीच्या आईचं स्पष्ट मत होतं. मात्र हे मत तिला भिंगरी झाल्यावर सुचलं, आणि तोवर उशीर झाला होता. दिवसभर ती लोकांचे दावे वाचायची. कोणी शिडीवरून पडलेलं, कोणी साबणावरून घसरलेलं. एका गृहस्थाने तर नुसती जांभई देऊन जबडा निखळवून घेतला होता, आणि जांभई हा अपघात की सवय, असं कंपनीने त्याला लेखी विचारलं होतं. हे सगळं डोक्यात भरून ती संध्याकाळी घरी यायची. दारातून आत पाऊल टाकलं की तिला घर दिसायचंच नाही. दिसायचे ते घराच्या आकाराचे संभाव्य दावे.

त्यामुळे त्या घरातल्या टेबलांना कोपरे उरले नव्हते, फोमच्या टोप्या होत्या. विजेच्या प्रत्येक भोकाला बूच होतं. स्वयंपाकघरातल्या खणांना लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशा खिट्ट्या बसवल्या होत्या. त्या भिंगरी चुटकीसरशी उघडायची आणि नवऱ्याला अजिबात उघडता यायच्या नाहीत. त्याने एकदा चमचा न मिळाल्यामुळे दही काट्याने खाल्लं होतं. सुऱ्या, कात्र्या, किसण्या असल्या धारदार मंडळींची रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली होती. तिथून सुरी काढायला स्टुलावर चढावं लागे. त्या स्टुलावरून भिंगरीची आई स्वतः एकदा पडली होती, आणि खाली आपटता आपटताच तिच्या मनात आलं होतं की, हा दावा मंजूर होणार नाही, निष्काळजीपणा दिसतोय.

एवढ्या बंदोबस्तातून एकच धार सुटली होती. ती सासऱ्यांच्या खिशात होती.

सासरे म्हणजे भिंगरीचे आजोबा. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक घडीचा चाकू असे. चाकू म्हणजे तरी काय, बोटभर पातं आणि तेवढीच लाकडी मूठ. एक पातं, एक मूठ, एक घडी, संपला चाकू. बाटलीची झाकणं काढायची शेपटी त्याला नव्हती, स्क्रू पिळायचा दात नव्हता, दिवाबिवा तर नव्हताच. आजोबा त्याच्या पात्यावरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालायचे, पातं आळस दिल्यासारखं उघडायचं, आणि मग घरातलं काहीबाही सुरळीत होऊन जायचं. पार्सलची चिकटपट्टी, सदऱ्याचा लोंबता दोरा, पेन्सिलीचं बोथट टोक, बोटात गेलेलं कुसळ. दुपारी ते सफरचंद सोलायचे. सालीची अखंड रिबीन खाली उतरत जायची आणि मांडीवर बसलेली भिंगरी तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहायची. फोडी झाल्या की पातं विजारीला पुसलं जाई आणि टक् असा आवाज करून चाकू मिटे. एक फोड आजोबा चाकूच्याच टोकावर घेऊन तोंडात टाकत. ती फोड ओठांआड जाऊन चाकू परत बाहेर येईपर्यंत भिंगरीची आई श्वास घेत नसे.

भीती माणसाला फार बारकाईने बघायला लावते. भिंगरीची आई त्या चाकूकडे जितकी बघत बसे तितकी ती लग्नाआधी नवऱ्याकडेही बघत बसली नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला खिट्ट्यांच्या वेळी वाटून गेलं होतं.

एके दिवशी भिंगरी आजोबांच्या खिशावर थापटी मारून म्हणाली, "टक्." आई आणि बाबा यांच्यानंतरचा हा तिचा तिसरा शब्द. घरात कौतुक झालं. नवऱ्याने शब्द पुन्हा म्हणवून घेऊन फोनवर साठवला. भिंगरीच्या आईने मनातल्या मनात दाव्याचा अर्ज भरायला घेतला.

आता एखाद्या सरळ घरात सून सरळ सांगेल की, बाबा, चाकू जरा वर ठेवत जा. पण या घरात सरळ बोलायची पद्धत नव्हती. चहात साखर विसरली तर सासरे म्हणत, "आज चहाची खरी चव लागली." मग सुनेने साखरेचा डबा पुढे करायचा आणि सासऱ्यांनी "अगं, तसं नाही" म्हणत दोन चमचे घ्यायचे. दोघांना एकमेकांबद्दल इतका आदर होता की कामाचं बोलणं म्हणून व्हायचं नाही. तिने आडून प्रयत्न करून पाहिला. लहान मुलांना घरात होणाऱ्या इजांवरचा एक लेख तिने वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवला. सासऱ्यांनी लक्षपूर्वक ऐकलं, "लोक फार निष्काळजी असतात हं सूनबाई," असं म्हणून मान हलवली, आणि सफरचंद सोलायला घेतलं.

शेवटी सल्ला आला तो समोरच्या काकूंकडून. समोरच्या काकूंना कशातलंच काही विचारावं लागत नसे. त्या दार उघडून सांगत. त्यांनी आधी सुचवलं की चाकूची धार गुपचूप दगडावर घासून बोथट करून टाक, म्हाताऱ्या माणसांना कळत नाही. त्यावर त्यांनाच आपले एक मामा आठवले. ते बोथट सुरीने दुधी भोपळा चिरताना भोपळ्यासकट गॅलरीतून खाली गेले होते. तेव्हा धारेचा विचार मागे पडला. मग काकू म्हणाल्या की चाकूला चामड्याचं म्यान शिवून घ्यावं, घट्ट बकलाचं. तुझ्या ऑफिसच्या गल्लीत बॅगा शिवणारा बसतो, तो मापाला वस्तू मागेल, नेऊन दे. सासऱ्यांना भेट म्हणून द्यायचं. त्यांचा मान राहील, बक्कल पोरीला उघडणार नाही.

भिंगरीच्या आईला ही कल्पना एकदम पटली, आणि इथेच तिने सावध व्हायला हवं होतं. भेट म्हणजे आश्चर्याचा धक्का हवा. म्हणजे चाकू सांगून न्यायचा नाही. म्हणजे काय करायचं, याला शब्द एकच आहे, पण तो सुशिक्षित बाईच्या मनात स्वतःबद्दल येत नाही. सुट्टीच्या दुपारी सासरे आरामखुर्चीत घोरत असताना ती चवड्यांवर गेली, दोन बोटं खिशात घातली आणि श्वास रोखून चाकू वर काढला. सासऱ्यांनी ओठांवरची माशी वारली. माशी नव्हतीच. ती तशीच एका पायावर उभी राहिली, आणि घोरणं पुन्हा सुरू झाल्यावर चाकू भिंगरीच्या गुलाबी मोज्यात गुंडाळून तिने ऑफिसच्या पर्समध्ये, अगदी तळाशी टाकला. दुसऱ्या दिवशी माप देऊ, संध्याकाळी परत खिशात, असा साधा बेत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात नवं यंत्र बसलेलं होतं.

यंत्राच्या शेजारी सुरक्षाप्रमुख उभे होते. त्यांना सगळं ऑफिस पाठीमागे कडीकोयंडा म्हणे. यंत्र आल्यापासून त्यांची छाती दोन बोटं पुढे आली होती. पण सकाळपासून त्यात सापडलं काय, तर किल्ल्या आणि जेवणाचे डबे. भिंगरीच्या आईची पर्स आत गेली आणि यंत्राने असा टाहो फोडला की कडीकोयंड्यांच्या चेहऱ्यावर पहिलं पोर झाल्याचा आनंद पसरला.

"मॅडम, हे काय?"

"मोजा," ती म्हणाली.

"मोज्यात?"

"चाकू."

"ऑफिसात कशाला?"

"म्यान शिवायचंय."

उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि तोंडातून निघताक्षणी तिला कळलं की यापेक्षा वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. मागची रांग एक पाऊल मागे सरकली. कडीकोयंड्यांनी विचारलं की चाकू तुमचा का. इथे नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हणणाऱ्यांच्या वस्तू संध्याकाळी परत मिळणार होत्या. पण खोट्या दाव्यांवर लाल शेरे मारून तिची जीभ सरळ झालेली. नाही, सासऱ्यांचा, ती म्हणाली. त्यांनी दिला का? नाही. त्यांना माहीत आहे का? नाही. मग तुमच्याकडे कसा आला? ते झोपले होते, भिंगरीची आई म्हणाली, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच "अरे बापरे" म्हणालं.

कडीकोयंड्यांनी चाकू प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड सील करायच्या यंत्राने वितळवून बंद केलं आणि जाहीर केलं की ही वस्तू मूळ मालकाने स्वतः येऊन ओळख पटवल्याशिवाय मिळणार नाही. मोजा मात्र त्यांनी परत दिला. तोही आधी उलटा करून पाहिला.

पुढचं सगळं आपोआप होत गेलं. उत्साहाच्या भरात त्यांनी मजल्यामजल्यावर फिरून कात्र्या, कागद कापायची पाती आणि एका बाईंचं नेलकटरसुद्धा जप्त केलं. दुपारी फळ्यावर सूचना लागली की एका महिला कर्मचाऱ्याकडे शस्त्र सापडल्याने हे पाऊल उचलावं लागत आहे. नाव नव्हतं, पण मोज्याचा उल्लेख होता. जेवणाच्या वेळी तिच्या टेबलाभोवती खुर्च्या मोकळ्या राहिल्या. तिची रजा महिनोन्महिने अडवून धरणारे साहेब स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले, आणि हवी तेव्हा घ्या रजा, घरी सगळं शांत आहे ना, असं पुटपुटून घाईने परत गेले. इतकी वर्षं इमानेइतबारे काम करून जो दबदबा निर्माण झाला नव्हता तो एका मोज्याने झाला.

हे सगळं ती गिळू शकली असती. गिळता आलं नाही ते घरी गेल्यावरचं.

सासरे जेवणानंतर फळाकडे हात नेता नेता थांबले. हात खिशावर गेला. दुसऱ्या खिशावर गेला. मग ते सहज उठल्यासारखे उठले, आरामखुर्चीची गादी उचलून पाहिली, आणि सूनबाई बघतेय हे लक्षात येताच गादी झटकायला लागले. भिंगरीच्या आईने सांगायला तोंड उघडलं. पण सांगायचं म्हणजे काय? तुमच्या खिशात हात घातला, तुमचा चाकू मला धोक्याचा वाटतो, आणि आता तो ऑफिसात कैदेत आहे. यातलं कुठलं वाक्य आधी घ्यावं हे ठरेपर्यंत सासरे म्हणाले, "आज फळ नकोच. पोट भरलं." आणि तिने फळांची ताटली उचलून ठेवली. तिने विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं नाही म्हणून तिने कबूल केलं नाही. आदराची कमाल झाली.

नवऱ्याला सांगितल्यावर तो आधी पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्याने उपाय सुचवला की तसलाच दुसरा आणू आणि सोफ्याच्या फटीत ठेवू. बाबांना सापडेल, प्रकरण मिटेल. हा माणूस जगातलं कुठलंही प्रकरण सोफ्याच्या फटीत मिटतं असं समजून चालतो.

तरी ती दुकानात गेली. दुकानदाराने काचेवर चाकूंची आरास मांडली. एकातून कात्री निघत होती, एकातून करवत, एकातून दिवा, एक तर उघडला की साळिंदरासारखा दिसे आणि मिटायचा कसा ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. भिंगरीची आई म्हणाली, साधा हवा. एकच पातं. मूठ लाकडी, अशी मधे किंचित पोट असलेली, म्हणजे मुठीत घरंगळत नाही. पातं टोकाला फार निमुळतं नको, सफरचंदाचा डोळा तेवढा निघाला पाहिजे. उघडताना जरा अडखळावं आणि पूर्ण उघडलं की हलू नये. आणि मिटताना आवाज आला पाहिजे. बोलता बोलता ती थांबली. आपण एका सुरीचे गुण इतक्या मायेने कधीपासून सांगायला लागलो, हे तिला उमगेना. दुकानदार कौतुकाने ऐकत होता. असला साधा आता कोण मागतं, तो म्हणाला, आणि त्याने लाल मुठीचा, कात्री-करवतीचा, त्यातल्या त्यात कमी काटेरी चाकू बांधून दिला.

तो सोफ्याच्या फटीत ठेवला गेला. सासऱ्यांना तो सापडावा म्हणून नवऱ्याने संध्याकाळभर रिमोट हरवला. अखेर सासऱ्यांनी फटीत हात घातला आणि लाल चाकू बाहेर काढला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. कात्री बाहेर काढून पाहिली. सून आणि मुलगा श्वास रोखून बघत होते. सासरे म्हणतील की हा कुणाचा, मग नवरा म्हणणार होता की तुमच्यासाठीच आणलाय, आणि सगळे हसणार होते.

"असा होता होय?" सासरे म्हणाले.

कोणी हसलं नाही. सासऱ्यांनी चाकू खिशात ठेवला, पुन्हा काढून पाहिला, पुन्हा ठेवला.

त्यानंतर ते बदलले. गॅस बंद आहे की नाही हे बघायला ते स्वयंपाकघरात जायचे, बाहेर यायचे आणि परत जायचे. घराच्या किल्ल्या त्यांनी मुलाच्या हातात दिल्या, माझ्याकडे नकोत म्हणून. सफरचंद सोलणं बंद झालं. लाल चाकूने त्यांनी एकदा प्रयत्न केला, तेव्हा पात्याऐवजी करवत बाहेर आली. भिंगरी त्यांच्या खिशावर थापटी मारून टक् म्हणायची आणि ते कसनुसे हसायचे. समोरच्या काकूंनी दार उघडून सांगितलं की वय झालं की असंच सुरू होतं, आमचे मामा शेवटी शेवटी स्वतःच्याच घराची बेल वाजवून मामी घरात आहेत का विचारायचे.

आणि मग एका संध्याकाळी भिंगरी बूट घालून दाराशी उभी असताना, रोजच्या बागेत जायच्या वेळेला, सासरे आत आले आणि सुनेला म्हणाले, "सूनबाई, आजपासून पोरीला माझ्याबरोबर एकटीला पाठवू नकोस."

"का बाबा?"

"माझं काही खरं नाही आता. चाकू कुठे ठेवला ते विसरलो. कसा होता तेही विसरलो. उद्या हिला बाकावर विसरून आलो तर?"

भिंगरी बूट आपटत होती. सासऱ्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि खुर्चीत जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखे. भिंगरीच्या आईने घरातला प्रत्येक कोपरा मऊ केला होता, प्रत्येक भोक बुजवलं होतं. या घरात ज्या हातात ती पोर डोळे मिटून देऊ शकत होती ते हात एकाच माणसाचे होते. ते तिने आपल्या हाताने सोडवले होते.

मग मात्र ती सरळ बोलली. त्या घराच्या इतिहासात प्रथमच. चाकू मी घेतला, तुम्ही झोपला होतात, खिशातून काढला, भिंगरीच्या मोज्यात गुंडाळला, म्यान शिवायला ऑफिसला नेला, तिथे जप्त झाला, लाल चाकू आम्ही फटीत ठेवला, तुम्ही काहीएक विसरला नाही आहात. एका दमात सगळं.

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सूनबाई, तू फार चांगली आहेस," ते म्हणाले. "माझ्या मनाला लागू नये म्हणून स्वतःवर एवढा आळ घेतेस. पण खोटं बोलायला जमत नाही तुला. म्हणे मोज्यात गुंडाळला."

तिने शपथ घेतली. त्यांनी मान हलवली. तिने नवऱ्याला साक्षीला आणलं. सासरे त्यालाही म्हणाले की तूही गुणी आहेस, बायकोच्या सांगण्यावरून का होईना. जन्मभर दुसऱ्यांची खोटी कागदपत्रं पकडणाऱ्या बाईचं खरं बोलणं कुणी मानेना. आता पुरावा दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पुरावा कडीकोयंड्यांकडे होता.

दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांना घेऊन ऑफिसला गेली. तेही आले, सुनेचं मन राखायला. सुरक्षा विभागाची खोली म्हणजे दोन खुर्च्या, एक टेबल आणि सगळ्या मजल्यांवरच्या जप्त कात्र्या ठेवलेलं कुलूपबंद कपाट. खोलीत आलेलं टपाल आणि पार्सलं छतापर्यंत चढली होती, कारण ती उघडायला इमारतीत एकही पातं उरलं नव्हतं. बाहेर, काचेपलीकडे, अपघात विभागातली निम्मी मंडळी काही ना काही कामाने पाणी प्यायला आली होती.

कडीकोयंड्यांनी सासऱ्यांना बसवलं आणि चाकूचं वर्णन करायला सांगितलं.

सासरे विचारात पडले. "चाकूसारखा चाकू," ते म्हणाले.

"मुठीचा रंग?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती बोलणार तोच कडीकोयंड्यांनी हात वर केला. मॅडमनी खुणा करायच्या नाहीत. सासरे घुटमळले. "लाल?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की भिंगरीच्या आईला राहवेना.

ती उभी राहिली आणि बोलत सुटली. मूठ शिसवीसारखी काळपट, एका बाजूला फिकट पट्टा. पितळेचे खिळे, त्यातला मधला पुढे कधीतरी बदललेला, जरा पिवळा जास्त. पात्याच्या कण्यावर चिकटपट्टीचा डाग, टोकापासून जरा आत धार किंचित खोलगट, कारण बाबा दगडावर तेवढाच भाग जास्त घासतात. मिटलेला असताना नखाची खाच अर्धी दिसते, अर्धी मुठीत जाते. उघडताना तो एकदा अर्ध्यावर थांबतो, पूर्ण उघडायचं की नाही असा विचार केल्यासारखा, आणि मग ठाम होतो. मिटताना टक् वाजतो, टक्क नाही. त्याला सफरचंदाचा आणि खोबरेल तेलाचा वास येतो. तो दिसायला काहीच नाही, पण त्याच्याएवढं मोजकं दुसरं काही आमच्या घरात नाही.

 काचेपलीकडे कुणाचा तरी पेला भरून वाहत होता.

कडीकोयंड्यांनी भुवया उंचावल्या. "मॅडम," ते सावकाश म्हणाले, "इतकं बारीक निरीक्षण आम्ही सराईतांमध्येच पाहिलंय."

म्हणजे वर्णन तंतोतंत जुळत होतं आणि म्हणूनच संशय वाढला होता. तरी त्यांनी ड्रॉवरमधून पिशवी काढून टेबलावर ठेवली. आणि सासरे खुर्चीतून अर्धे उठले. परगावी अचानक शेजारी भेटावा तसं त्यांचं झालं.

"अरे," ते चाकूला म्हणाले, "तू इथे काय करतोयस?"

ओळख पटायला आणखी काय हवं होतं? पण नियमाप्रमाणे पिशवी उघडून वस्तू हातात द्यायला हवी होती, आणि पिशवी काही उघडेना. कडीकोयंड्यांनी ती ओढली. शिपायाने एक टोक आणि त्यांनी एक टोक धरून ओढली. दाताने प्रयत्न झाला. कडीकोयंड्यांना कवळी असल्याचं त्यामुळे सर्वांना कळलं. कात्री आणा म्हणावं, तर कात्र्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली सुरक्षेसाठी अशाच एका पिशवीत वितळवून बंद केलेली. कडीकोयंडे घामाघूम झाले. त्या वेळी ते एवढे केविलवाणे दिसले की भिंगरीच्या आईला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. अति काळजी घेणाऱ्या माणसाचं काय होतं ते तिला समोर दिसत होतं.

"बघू इकडे," सासरे म्हणाले.

त्यांनी पिशवी घेतली. प्लास्टिकच्या वरूनच अंगठा चाचपत गेला, थांबला, आणि आतल्या आत पातं हळूच उघडायला लागलं. अर्ध्यावर थांबलं. मग पुढे आलं, प्लास्टिकला टोक लागलं, आणि चर्र आवाज करत चाकू स्वतःच आपली पिशवी फाडून बाहेर आला. सासऱ्यांनी तो विजारीला पुसला, हातात आलाच आहे म्हणून समोरच्या दोन पार्सलांच्या पट्ट्याही कापून दिल्या, आणि मिटला. टक्क नाही, टक्.

मग ते सुनेकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर एक नवीच गोष्ट उगवत होती.

"म्हणजे तू खरंच चोरलास?"

काचेपलीकडची मंडळी पाणी प्यायची विसरली. तिचे साहेबही त्यात होते. भेट, आश्चर्य, म्यान, सगळं सांगता आलं असतं. तिने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हो बाबा. चोरला."

"खिशातून?"

"खिशातून."

"मी विसरलो नव्हतो."

"तुम्ही काहीच विसरला नव्हता."

सासरे हसायला लागले. खुर्चीचा हात धरून हसले, कडीकोयंड्यांच्या खांद्यावर थाप मारून हसले. "ऐकलंत का," ते त्यांना म्हणाले, "डोकं शाबूत आहे माझं. घरातच चोर आहे." कडीकोयंड्यांनी यावर काय करायचं याचा नियम मनातल्या मनात शोधला, आणि मग त्यांनी मुकाट्याने तिसरं पार्सल पुढे केलं.

त्या दिवसापासून सासऱ्यांची भीड चेपली. किल्ल्या त्यांनी परत मागून घेतल्या. चहात साखर नसली तर साखर नाही म्हणाले. चाकूबद्दल सुनेची भीती त्यांना कळली तेव्हा ते म्हणाले, "मग बोलायचंस की, एवढी मोहीम कशाला?" आणि फळ सोलून झालं की चाकू तिच्या हातात द्यायला लागले, वर ठेव म्हणून. तिने तो फडताळावर ठेवण्याआधी एकदा उगाच उघडून मिटून पाहावा, असंही होऊ लागलं. भेटेल त्याला मात्र ते गोष्ट सांगत सुटले. दूधवाल्याला सांगितली, इस्त्रीवाल्याला सांगितली. समोरच्या काकूंना सांगितली तेव्हा त्यांना आयुष्यात प्रथमच तोडीस तोड मामा आठवला नाही. ही गोष्ट म्हणजे सासऱ्यांच्या शाबूत डोक्याचा दाखला होता. तो दाखवायचा तर दर वेळी सुनेला चोर ठरवणं भाग होतं. त्याला इलाज नव्हता, आणि भिंगरीच्या आईने तो शोधलाही नाही.

एका संध्याकाळी ती ऑफिसातून परस्पर बागेत गेली. घसरगुंडीपाशी भिंगरी, तिच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत घट्ट धरलेले सासरे, आणि शेजारच्या बाकावर त्यांच्या वयाचे मित्र रांगेने बसलेले. तिला बघताच सासऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मोकळा हात तिच्याकडे करून बाकाला ओळख करून दिली.

"ही माझी सून. हिनेच."

बाकावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पदवीधर, पगारदार, एका मुलीची आई, दाव्यांवर लाल शेरे मारणारी बाई, ती तिथे पर्स छातीशी धरून उभी राहिली.

"झोपेत काढला का हो?" एकाने अदबीने विचारलं.

"झोप कसली," सासरे घाईने म्हणाले, "जरा डोळा लागला होता. जागा असतो तर लागलीच पकडली असती. काय गं?"

भिंगरीच्या आईला घोरण्याचा तो आवाज आठवला, घरभर घुमणारा.

"जागे असता तर माझी काय टाप होती," ती म्हणाली.

सासरे ताठ बसले. आणि बाकाच्या टोकाच्या आजोबांनी आपली चष्म्याची डबी या खिशातून काढून हळूच त्या खिशात, तिच्यापासून लांबच्या खिशात, ठेवली.